अकरा वाजता डावीकडे जाणारा टूलबार

हे सदर मी गेली तीन-चार वर्षं नेमाने वाचतेय. खरं सांगायचं तर हसायला वाचतेय. कोणाला घाटात पांढरी साडी दिसते, कोणाच्या मागे पैंजण वाजतं... एकदा तर मी खाली कमेंटही टाकली होती, "झोप पूर्ण घेत जा." त्याबद्दल मी आज माफी मागायला आलेली नाही. माझं मत आजही तेच आहे. फक्त माझ्या कामाच्या ठिकाणी, भर सकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात एक गोष्ट पाच महिने घडत राहिली आणि तिचं कारण मला सापडलं नाही. ते जसंच्या तसं लिहिते.

आधी माझ्याबद्दल. नाव अस्मिता, वय एकोणचाळीस, मूळची नागपूरची, आता ब्रिस्टल. आम्ही बौद्ध. घरात देव्हारा नव्हता, त्यामुळे भूतही नव्हतं. वडील शाळेत विज्ञान शिकवायचे. अंधाराची भीती वाटते म्हटलं की हातात टॉर्च देऊन अंगणात पाठवायचे, "जा, काय आहे ते बघून ये आणि मला सांग."

मी फ्रंट-एंड डेव्हलपर आहे, म्हणजे वेबसाइटचा लोकांना दिसणारा भाग बनवते. आमची कंपनी छोटी आहे, चौदा माणसांची. टेम्पल मीड्स स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर ऑफिस. छपाईची कामं करणाऱ्या दुकानांना आम्ही एक ऑनलाइन डिझाइन टूल देतो. म्हणजे ग्राहक दुकानाच्या वेबसाइटवर जातो, कप, टी-शर्ट, बॅनर असं काहीतरी निवडतो, त्यावर स्वतःचा फोटो किंवा मजकूर टाकतो, साइज ठरवतो आणि ऑर्डर देतो. प्रत्येक दुकानाला या टूलची मांडणी आपल्या सोयीने हवी असते. बटणांची पट्टी म्हणजे टूलबार कुठे, आयकॉन केवढे, मधला कॅनव्हास केवढा, सुरुवातीची साइज कुठली... हे सगळं एका सेटिंग्ज पेजवर बसवायचं असतं. अकरा वर्षं मी तेच करतेय आणि त्यात मी चांगली आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात आमच्याकडे लंडनच्या इल्फर्ड भागातलं एक दुकान आलं. कापडावर छपाई. विहाराच्या कार्यक्रमांचे बॅनर, लग्नाचे, वाढदिवसाचे, उशांची कव्हरं वगैरे. दुकान मराठी माणसांचं निघाल्यामुळे साहजिकच ते माझ्याकडे आलं. फोनवर रीमा होती, मालकांची मुलगी. तिचा जन्म इथलाच, वय तिशीच्या आसपास. मराठी बोलायचा तिचा हट्ट होता, आणि ते मराठी मला फार आवडायचं.

"अस्मिताताई, आई गेल्यापासून शॉप अर्धा बंदच आहे," ती पहिल्याच कॉलवर म्हणाली. "बाबा येत नाही. मी जॉब करून किती करणार? ऑनलाइन झाला तर शॉप वाचेल. नाहीतर मार्चमध्ये लीज सोडून देणार."

मी मांडणी बसवून दिली. टूलबार उजवीकडे, आयकॉन बत्तीस पिक्सेलचे, सुरुवातीची साइज त्यांच्या सगळ्यात खपणाऱ्या बॅनरची. मंगळवारी लाइव्ह केलं. बुधवारी दुपारी रीमाचा फोन.

"ताई, टूल लेफ्टला गेला. आणि बटन्स एवढे मोठे झाले. मी काय टच नाही केली."

बघितलं तर खरंच. टूलबार डावीकडे, आयकॉन दुप्पट, आणि साइजच्या चौकटीत ब्याण्णव बाय एकसष्ट सेंटिमीटर. या साइजचं काहीही त्यांच्या यादीत नव्हतं. मला वाटलं, तिनेच चुकून केलं असेल. क्लायंट नेहमी "मी टच नाही केली"च म्हणतात. मी सगळं परत जागेवर नेलं.

गुरुवारी परत तेच. शुक्रवारी परत. बदलांची नोंद ठेवणारा लॉग असतो, त्यात कोणी, कधी, काय बदललं ते येतं. वेळ रोज अकरा वाजून काही मिनिटं. बदल तेच तीन. आणि "कोणी" या रकान्यात... काहीच नाही. तो रकाना रिकामा राहूच शकत नाही. रिकामा असेल तर सिस्टिम बदल सेव्हच करत नाही. तो कोड मीच लिहिलाय.

मी घाबरले वगैरे अजिबात नाही. उलट मला मजा वाटली — बग जितका विचित्र तितका सापडल्यावर आनंद मोठा. सगळ्यांचे पासवर्ड बदलले, साठून राहिलेली जुनी माहिती म्हणजे कॅशे साफ केली, सर्व्हरवरच्या ठरलेल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी तपासली. माझा सहकारी गॅरेथ, कार्डिफचा, अतिशय शांत माणूस, म्हणाला की ही आपलीच एखादी टेस्ट स्क्रिप्ट आहे. चाचणीसाठी लिहिलेला, आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, जो चुकून खऱ्या साइटवर चालतोय. अगदी बरोबर वाटलं. आम्ही टेस्टचा सर्व्हर दोन दिवस बंदच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं माझ्या स्क्रीनसमोर सेटिंग्ज पेज उघडून बसलो. मी दोन्ही हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले होते. बाहेर स्वच्छ ऊन, मागे कोणीतरी टोस्ट जाळला होता त्याचा वास. अकरा वाजून सहा मिनिटांनी टूलबार हलला. झटकन उडी मारून गेला नाही... कोणी बोटाने धरून ओढावा तसा सरकत डावीकडे गेला. मध्ये थोडा थांबला, परत सरकला. मग आयकॉन मोठे झाले. मग रुंदीच्या चौकटीत नऊ उमटला, मग दोन. उंचीच्या चौकटीत सहा. शून्य. मग तो शून्य पुसला गेला, आणि त्याजागी एक आला.

गॅरेथ फोनवर व्हिडिओ घेत होता. तो फोन खाली ठेवून मला म्हणाला, "स्क्रिप्ट चुकत नाही. चूक करून ती सुधारत तर नाहीच नाही."

मी म्हटलं, "रेकॉर्ड केलेली स्क्रिप्ट असेल तर चूकही रेकॉर्ड होते." आणि ते खरंच आहे. पुढचा प्रत्येक दिवस तो शून्य असाच यायचा आणि असाच पुसला जायचा. पण तसं काही रेकॉर्ड केलेलं आमच्याकडे कुठेच नव्हतं.

तोपर्यंत रीमाच्या तीन ग्राहकांकडे भलत्याच साइजचे बॅनर गेले होते. माझा मॅनेजर मला बाजूला घेऊन हळूच विचारून गेला, "तू काही प्रयोग करत नाहीयेस ना?" त्याचा मात्र राग आला. मी शनिवारी ट्रेन पकडून इल्फर्डला गेले. म्हटलं, दुकानातच कुठलं तरी मशीन चालू राहिलं असणार.

दुकान अरुंद आणि खोल होतं. पुढे काउंटर, मागे प्रिंटर आणि कापडाचे रोल. मी इंटरनेटचा राउटर बंद केला, एकेका मशीनची वायर काढली. रीमा चहा करत होती. काउंटरशेजारी टेबल होतं, त्यावर धुळीत चौकोनी डाग — तिथे कधीतरी कॉम्प्युटर असावा.

"इथे काय होतं?" मी विचारलं.

"आईचा टचस्क्रीन. ती गेल्यावर रिसायकलिंगला दिली."

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली आणि तिचे वडील आत आले. मधुकरकाका. उंच, टोपी, मफलर. रीमा चहाची किटली हातात धरून बघतच राहिली, कारण काका दीड वर्षात दुकानात आले नव्हते. ब्रिस्टलहून कोणी आलंय एवढं ऐकून आले होते. मी "जय भीम काका" म्हणाले, त्यांनी "जय भीम" म्हटलं आणि लगेच मुद्द्यावर आले.

"रीमा म्हणते काहीतरी बिघाड आहे. मी तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलवर काम केलंय. काय बिघाड आहे ते मला नीट सांगा."

मी लॅपटॉपवर गॅरेथचा व्हिडिओ दाखवला. काका उभ्यानेच बघत होते. टूलबार डावीकडे सरकला तेव्हा त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि बसले. शून्य पुसला जाऊन एक आला तेव्हा त्यांनी टोपी काढली.

"परत लावा," ते म्हणाले. मी लावला.

"विमलला, रीमाच्या आईला, स्ट्रोक आला होता," ते म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी. उजवा हात गेला. नंतर सगळं डाव्या हाताने करायची. बटणं उजवीकडे असली की हात आडवा जाऊन चित्र झाकलं जायचं, म्हणून मी तिला सगळं डावीकडे लावून दिलं होतं. मोठं करून. सकाळी हाताचे व्यायाम करायची आणि बसने अकराला इथे यायची."

मला हे काहीही माहीत नव्हतं. रीमाने कधी सांगितलं नव्हतं. आणि विमलताई ज्यावर काम करायच्या ते जुनं सॉफ्टवेअर वेगळ्याच कंपनीचं. आमचं टूल त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. हे मी नंतर दहा वेळा पडताळून पाहिलं.

"आणि ब्याण्णव बाय एकसष्ट?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही," काका म्हणाले.

रीमा रडत होती. "ताई, प्लीज फिक्स कर. आजच. बाबा असा बघत बसला तर... प्लीज."

उपाय सोपा होता. ग्राहकांसाठी मी त्या टूलची वेगळी कॉपी केली आणि तिला कुलूप लावलं. ती कॉपी कधीच हलली नाही. जुनं सेटिंग्ज पेज पुसून टाकायचं एवढंच बाकी होतं. माझं बोट बटणावर होतं, तेव्हा काका म्हणाले, "ते ठेवा."

"काका, पण—"

"घाबरू नका, मी येडा झालेलो नाही. चाळीस वर्षं मी लोकांच्या मनगटातले गंडेदोरे कापत आलोय. कोणाच्या अंगात आलं की मी समोर जाऊन उभा राहायचो. आता मीच रोज अकराला इथे बसून बायको आली म्हणालो तर लोक काय, मीच मला चपलेने मारेन." "पण सिग्नल आपोआप लाल झाला तर कारण कळेपर्यंत आम्ही तो तसाच सोडत नव्हतो. मला कारण शोधायचंय. तुम्ही मदत करणार का?"

मी हो म्हटलं. कोणत्याही इंजिनियरने हेच केलं असतं.

पुढचे महिने काका रोज सकाळी दुकानात येऊ लागले. एका वहीत तारीख, वेळ, हवामान, दुकानात कोण होतं, काय चालू होतं, सगळं लिहायचे. मला फोन करायचे, आणि आता "तुम्ही"वरून "तू"वर आले होते. "अस्मिता, आज इंटरनेट बंद ठेवलं. तरी तुझ्या लॉगमध्ये आलं का बघ." आलेलं असायचं. ऑक्टोबरात घड्याळं एक तास मागे गेली तेव्हा आम्ही दोघं अगदी आशेने बसलो होतो. काकांचा तर्क बिनतोड होता — सर्व्हरचं घड्याळ बदलत नाही, त्यामुळे यंत्राचं काम असेल तर आता ते आपल्या दहा वाजता होईल. दहा वाजून गेले. काही झालं नाही. अकरा वाजून पाच मिनिटांनी टूलबार सरकला.

"बसच्या टाइमटेबलप्रमाणे," काका फोनवर म्हणाले आणि लगेच, "हे मी बोललो ते लिहून घेऊ नकोस."

दुकान बंद असायचं त्या रविवारी काहीच व्हायचं नाही. एका शनिवारी दुकानात पाणी गळत होतं म्हणून ते उघडलंच नाही. त्या दिवशीही झालं नाही. आणि दुकान बंद आहे हे आमच्या ब्रिस्टलच्या सर्व्हरला कळायचा काही मार्ग नव्हता.

मग काकांनी ब्याण्णव बाय एकसष्टचा शोध सुरू केला. मेजरिंग टेप घेऊन दुकानातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक टेबल, प्रत्येक फ्रेम मोजली. तिथे नाही म्हटल्यावर घर. नोव्हेंबरमध्ये रीमाचा फोन आला, आणि तिचा आवाज ऐकून मी आधी दचकलेच.

"ताई, बाबाने आईचा कपाट उघडला."

"मग?"

"दीड वर्ष कोणाला हात लावू देत नव्हता! आज सगळ्या साड्या बाहेर काढल्या, शेल्फ मोजला. नाही जुळला. मग म्हणाला, आता बाहेर काढल्याच आहेत तर वाटून टाकू. मला तीन दिल्या. एक तुझ्यासाठी ठेवली." मग ती थांबून म्हणाली, "ताई, तो नीट जेवला आज."

घरातलं काहीच ब्याण्णव बाय एकसष्ट निघालं नाही. दारं, पडदे, पलंगाखालच्या बॅगा, नातेवाइकांच्या घरच्या भिंतीसुद्धा. काकांनी विमलताईंच्या मैत्रिणींना फोन करून विचारलं, कोणाची ऑर्डर अर्धी राहिली होती का. कोणाचीच नव्हती. पण त्या निमित्ताने ते सगळ्यांशी बोलले, आणि त्यातल्या दोघी दुकानात मदतीला यायला लागल्या. रीमाने मार्चमध्ये लीज सोडली नाही.

हे मी चमत्कार म्हणून सांगत नाहीये. माणूस कामाला लागला की सावरतो, यात अमानवीय काही नाही.

फेब्रुवारीत आमच्या कंपनीने टूलची नवी आवृत्ती आणायचं ठरवलं. जुनी पूर्ण बंद होणार, सर्व्हरसकट. म्हणजे ते पेजही जाणार. मी मॅनेजरकडे एक महिन्याची मुदत मागितली, मिळाली नाही. काकांना फोन करायला मला दोन दिवस लागले.

"सोमवारी जुनं सगळं जाईल, काका," मी सांगितलं.

"तुझं काम आहे ते. कर."

सोमवारी मी इल्फर्डला गेले. ते काम मी तिथून केलं, हे ऑफिसमध्ये फक्त गॅरेथला माहीत होतं. काका, रीमा आणि मी काउंटरपाशी. अकरा वाजून चार मिनिटांनी टूलबार सरकला, नेहमीसारखा. मध्ये थांबला, परत सरकला. नऊ. दोन. सहा. मग शून्य येईल म्हणून आम्ही बघत होतो.

त्या दिवशी शून्य आला नाही. सरळ एक आला.

पाच महिन्यांत पहिल्यांदा. रीमाने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. काकांनी वही काढली, वेळ लिहिली, पुढे लिहिलं "या वेळी चूक नाही", आणि पेन खिशात ठेवलं. म्हणाले, "कर आता."

मी जुनं बंद केलं आणि नवं सुरू केलं. टूलबार उजवीकडे येऊन बसला. दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही फोनवर होतो. काही झालं नाही. त्यानंतर आजपर्यंत काही झालेलं नाही.

"म्हणजे कारण जुन्या आवृत्तीतच असणार," काका म्हणाले.

"असणारच," मी म्हटलं. जुना कोड मी जपून ठेवलाय. ओळ न् ओळ वाचलाय, दोनदा. रेकॉर्ड केलेली स्क्रिप्ट म्हणावी तर शेवटच्या दिवशी ती बदलली का? कोणी बाहेरून घुसून करत होतं म्हणावं तर कशासाठी, आणि पाणी गळून दुकान बंद राहिलं ते त्याला कसं कळलं? गॅरेथने फाइल बंद करताना कारणाच्या रकान्यात "अज्ञात" लिहिलं. अकरा वर्षांत माझ्या कामावर तो शब्द पहिल्यांदा लागला, आणि तो मला अजून खुपतो.

विमलताई आल्या होत्या असं मी म्हणणार नाही. काकाही म्हणत नाहीत. इथे वाचणाऱ्यांपैकी कोणी असल्या सिस्टिम्सवर काम करत असेल आणि काही सुचत असेल तर जरूर लिहा. मी मनापासून विचारतेय.

काका अजून दर रविवारी फोन करतात. दर वेळी नवा तर्क असतो. गेल्या रविवारी म्हणाले, "वीज. शेजारच्या लाँड्रीचं मोठं मशीन अकराच्या सुमाराला चालू व्हायचं. त्याने काही होऊ शकतं का?"

"इल्फर्डची वीज ब्रिस्टलला कशी येईल, काका?"

"तरी तपास."

मी तपासलं. ते कारण नव्हतं.